धान्याच्या गोदामावरचं संग्रहालय

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसानं आमच्याकडं पाठ फिरवली होती. त्या काळात मी उदगीरच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते आणि संध्याकाळी गावातल्या छोट्या संग्रहालयाची देखभाल करत होते. संग्रहालय म्हणजे मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका गोदामावरच्या दोन खोल्या. गोदाम संग्रहालय चालवणाऱ्या आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचं. ते लिंगायत समाजातले जुने आडत व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे आणि आवाज भर बाजारात ऐकू जाईल असा. गावोगाव फिरून वस्तू त्यांनीच जमवल्या होत्या. कानडीतल्या ताडपत्राच्या पोथ्या, निजामाच्या काळातल्या उर्दू सनदा, चामड्याच्या ढाली, देवणी बैलांच्या पोळ्याच्या झुली.

नवीन जिल्हा झाल्यावर आपलं संग्रहालय लातूरच्या साहेबलोकांच्या नजरेत भरावं, असं अध्यक्षांना फार वाटायचं. पण पोथ्यांना बारीक भोकं पडायला लागली होती आणि ढालींचं चामडं पोखरलं जात होतं. डांबरगोळ्या टाकून टाकून मी थकले होते. तेव्हा कुणीतरी हैदराबादच्या एका बाईंबद्दल सांगितलं. मोठ्या संग्रहालयात जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. आता लहान संग्रहालयं तपासून, तिथं काय बिघडतंय आणि काय करायला हवं, ते सांगत असत.

बाई रेल्वेनं आल्या. सुती साडी, खांद्याला झोळी, झोळीत बॅटरी, भिंग आणि मऊ ब्रश. अध्यक्षांनी हार घातला. जिना चढायच्या आधी बाईंनी तो काढून खालीच ठेवला. "फुलं वर नको. फुलांबरोबर किडे येतात," त्या हसून म्हणाल्या.

आधी ढाली बघतील, पोथ्या बघतील, असं आम्हाला वाटलं होतं. बाईंनी आधी इमारत बघितली. बाहेरून एक चक्कर मारली, छपराकडं निरखून पाहिलं, मग वर येऊन पोथ्यांच्या कपाटामागच्या भिंतीवर हात ठेवला.

"इथं पाणी मुरतं का?"

अध्यक्ष म्हणाले, "बाई, हितं प्यायला पाणी न्हाई, मुरायचं कुठून?"

"पाऊस पडायचाय की. दुष्काळ काय कायमचा असतो?"

कित्येक दिवसांत आमच्या गावात पावसाबद्दल इतक्या खात्रीनं कुणी बोललं नव्हतं. बाईंनी कपाट भिंतीपासून पुढं ओढायला लावलं, तेव्हाच त्यांच्याबद्दलचा विश्वास माझ्या मनात घट्ट बसला.

दुपारी त्या लाकडी जमिनीवर चक्क पालथ्या झोपल्या आणि फळ्यांच्या फटींतून बॅटरी मारून खाली बघू लागल्या. खाली पोत्यांच्या थप्प्या होत्या. मग त्या गोदामात जाऊन आल्या आणि मला भिंग दिलं. कागदावर दोन बारीक तपकिरी किडे होते.

"हा पोथीत सापडला आणि हा खाली पोत्यावर. बघ, एकच आहे ना? धान्य खातो, कागद खातो, चामडंही सोडत नाही."

अध्यक्षांना हे कोण सांगणार? मी म्हटलं, "बाई, तुम्ही हैदराबादला जाऊन लिहून कळवा. तोंडावर नका सांगू."

"सकाळी त्यांच्या घरची भाकरी खाल्ली. आता गावाला जाऊन कागदावर सांगणं बरं दिसेल का?"

त्यांनी अध्यक्षांना वर बोलावलं, भिंग हातात दिलं आणि सरळ सांगून टाकलं. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला.

"म्हंजी माझ्याच मालानं माझ्या पोथ्या खाल्ल्या? लई शिकलेल्या असाल तुम्ही. उद्या म्हणाल, गोदाम मोकळं करा. दुष्काळी कामावरच्या माणसांचं धान्य हाय ते. न्हाई हलायचं."

"नाहीच हलवायचं," बाई म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "माझं सगळं आयुष्य जुन्या वस्तूंत गेलं. तरी खाली आहे ते आधी, वर आहे ते नंतर. आपण वस्तू हलवू."

अध्यक्ष खुर्चीत बसले. भिंग पुन्हा डोळ्याला लावून किडा बघितला.

"माझ्या घरातली बैठक हाय," शेवटी ते म्हणाले. "मोंढ्यापासून लांब हाय. चालंल का?"

"बघावी लागेल."

आणि बाईंनी ती बैठकही तितक्याच कडकपणे तपासली! गाद्या, लोड, गालिचा, सगळं बाहेर काढायला लावलं. भिंती ठोकून पाहिल्या, छताचे कोपरे पाहिले, दारांच्या फटी बुजवायला सांगितल्या. अध्यक्ष स्वतः लोड उचलून नेत होते आणि बायकोची बोलणी खात होते. एका दिवसासाठी आलेल्या बाई सगळं हलेपर्यंत राहिल्या. एकेक पान ब्रशनं झाडून, जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळून, आत नेण्याआधी पुन्हा तपासायचं. "कीड आपल्यासोबत नव्या घरी यायला नको," त्या म्हणायच्या. ताडपत्र उचलताना त्यांचा हात असा खाली जायचा, जसा झोपलेल्या तान्ह्या लेकराच्या मानेखाली आपण घालतो. आजही ताडपत्र उचलताना मी तसाच हात घालते.

त्यांना पोहोचवायला मी स्टेशनवर गेले. गाडी यायला वेळ होता. मी विचारलं, "हे काम मला जमेल का?"

"बघायला तुला जमतंय. सांगायला शीक," त्या म्हणाल्या.

पुढं मी शिकले. सुट्ट्यांमध्ये हैदराबादला जाऊन त्यांच्या हाताखाली बसले, नंतर देवणीला, उमरीला, कुठं मठात तर कुठं वाचनालयात असेच छोटे संग्रह तपासायला जाऊ लागले. बहुतेक ठिकाणी दोष सांगितले की चहा थंड होतो आणि माणसं रुसतात. मग हळूहळू ऐकतात.

आमच्या अध्यक्षांचं सांगायचं राहिलं. काही महिन्यांनी लातूरला प्रदर्शन भरायचं ठरलं आणि एक साहेब पोथ्या न्यायला जीप घेऊन आले. इतके दिवस ज्या क्षणाची वाट बघितली, तो दारात उभा होता. अध्यक्षांनी साहेबांना चहा दिला, प्रदर्शनासाठी घुंगरमाळा दिल्या, एक तांब्याचा हंडा दिला.

"पोथी मात्र येणार न्हाई, साहेब. उन्हात, जीपच्या हादऱ्यात ती मोडंल. बघायची तर हितंच बघा. पण आधी हात धुवा."

साहेबांनी निमूटपणे हात पुढं केले. पाणी टंचाईचंच होतं. अध्यक्षांनी तांब्यानं बारीक धार धरली आणि खाली बादली ठेवली.