चाळीस दिवस राहिलेले इवाई

सन २०२१. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होतो. त्या वर्षी दिवाळीनंतर माझे इवाई नातीला पाहायला म्हणून सकाळच्या बसनं आले आणि चाळीस दिवस गेलेच नाहीत. इवाई म्हणजे व्याही, सुनेचा बाप. आमच्या मोहाडी तालुक्यात जुनी माणसं पोरीच्या सासरी रात्र काढत नाहीत. हे इवाई तर त्या बाबतीत सगळ्यांहून कडक. नात जन्मेपर्यंत त्यांनी माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. नात झाल्यावर चहा घ्यायला लागले, पण पाच वाजले की पिशवी उचलून आपल्या गावाची, वरठीची वाट धरत. असा माणूस पोरीच्या घरी चाळीस दिवस राहिला, तर गाव काय बोलेल हे तुम्हाला सांगायला नको.

ते का राहिले हे दोघांनाच माहीत होतं. एक ते आणि दुसरा मी. मी चौथी शिकलेला माणूस, पण गावात कोणासमोर मान खाली घातली नाही. सरपंचाला तोंडावर बोललो, तलाठ्याला बोललो. म्हणूनच हे लिहायला माझा हात इतकी वर्षं उचलला गेला नाही.

बायको गेल्यावर बाहेरगावी कामाला असलेल्या पोरानं मला मोठा मोबाईल घेऊन दिला, कीर्तन ऐकायला. कीर्तन मी आठ-दहा दिवस ऐकलं. मग बोट कुठं लागलं कोण जाणे, त्यात नागडे व्हिडिओ दिसायला लागले. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ती थोडी कमी वाटली. दोन वर्षांत माझी गत अशी झाली की ताटावरून उठून मी कोठ्यात जायचो, गुरांच्या मागं बसून तेच पाहायचो. आणि खरं सांगतो, पाहताना मजाही येत नव्हती. खोकत खोकत विडी ओढणारा माणूस असतो ना, तसं.

इवाई आले त्या दिवशी मी खळ्यात होतो. धान कापून पुंजणे रचून ठेवले होते. भर दुपारी मी पुंजण्याच्या सावलीत मोबाईल घेऊन बसलो होतो. इवाई मला शोधत तिकडं आले. दुसऱ्याच्या तीन गाई माझ्या पुंजण्यात तोंड घालून धान खात होत्या, माझ्यापासून चार हातांवर. मला दिसल्या नाहीत. उभा जन्म ज्यानं धान पिकवलं, त्याला दिसल्या नाहीत! इवायांनी त्या हाकलल्या आणि माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले. मोबाईलमध्ये काय चाललं होतं ते त्यांनी पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं.

ते एवढंच म्हणाले, "इवाई, गाई धान खाऊन राहिल्या होत्या जी."

घरी येऊन त्यांनी पोरीला सांगितलं, "मी आज थांबतो. मले घरी गमत नाई." पोरगी बापाकडं पाहतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, घेऊन गेले. इवाई वरठीच्या कारखान्यात भट्टीवर काम करून रिटायर झालेले. हात पाठीमागं बांधून भरभर चालत, आणि बोलायचं असलं की जागेवर थांबून बोलत. चालता चालता बोललेली गोष्ट वाऱ्यावर जाते म्हणत. तर ते थांबले.

"ते पाहून मजा येते का तुमाले?"

"नाई."

"मंग काहून पाहता?"

"समजत नाई मले."

"मलेही समजत नव्हतं. मी बारा वर्सं दारू पेलो. शेवटची पाच वर्सं तर तिची चवही आवडत नव्हती." मग म्हणाले, "मी कोणाले सांगत नाई. पोरीलेही नाई. पण तुमी सुटत नाई तोवर मी जात नाई."

त्यांनी माझा मोठा फोन आपल्या पिशवीत टाकला आणि आपला बटनाचा फोन माझ्या हातात दिला. मग जांभळाच्या झाडाकडं बोट दाखवून म्हणाले, "हे झाड धरा अन् दहा बैठका काढा."

मला राग आला. मी म्हटलं, "कास्तकाराले कसरत शिकवता का? मी पन्नास वर्सं चिखल तुडवला. कसरत खुर्चीवर बसणाऱ्यानं करावी."

ते म्हणाले, "आता चिखल ट्रॅक्टर करते, धान मशीन कापते. कसरत त्याईचीच होऊन राहिली. तुमी तं वावराच्या धुऱ्यावर बसून पाहता."

मी बैठका काढल्या. सातव्या बैठकीला खाली बसलो, मग उठून उरलेल्या तीन काढल्या.

त्यांचा एक नेम होता. बैठका झाल्यावर, पाळीचा फेरा झाल्यावर, "कसं वाटलं?" असं त्यांनी मला कधीच विचारलं नाही. मीच एकदा कुरकुरलो, की मला काहीच चांगलं वाटत नाही. तर म्हणाले, "चांगलं वाटावं म्हणून करूनच नाई राहिलो आपण. आंग हलवाचं. मन मांगून येईल, नाई तं नाई येईल. त्याची वाट पाहाची नाई."

आणि मन खरंच आलं नाही. लोकांना वाटतं, वाईट सवय सुटली की माणूस खुश होतो. उलट झालं. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. नवीन तांदळाचा भात चिखलासारखा. नात येऊन मांडीवर बसायची, तिचे हात हातात घ्यायचो आणि आत काही हलायचं नाही. ते सगळ्यात वाईट. एका सकाळी मी पाळीवर भांडलोच. म्हटलं, "मी आधीच बरा होतो. माहा फोन द्या."

इवायांनी पिशवीतून फोन काढून दिला. मी दोन दिवस कोठ्यात बसून पाहिलं. तिसऱ्या दिवशी आपणच नेऊन त्यांच्या पिशवीत टाकला. वाटलं, आता ऐकवतील. ते म्हणाले, "उद्यापासून पाच बैठका वाढवू."

मग थांबून त्यांनी मला भट्टीचं सांगितलं. "भट्टी बंद केली का लगेच हात लावता येते का? तिले थंड व्हायले दिवस लागतात. नवा माणूस आला का म्हणते, बिघडली, काहीच होऊन नाई राहिलं. बिघडली नसते जी. तिचं काम चालूच असते, फक्त दिसत नाई. तुमचं तसंच हाय." मी ही गोष्ट धरून राहिलो. दुसरं धरायला काही नव्हतंच.

इकडं गाव बोलायला लागलं. इवायाला त्याच्याच पोरानं घरातून हाकललं म्हणे. पोरीकडं फुकटचं खायला आला म्हणे. माझा मोठा फोन त्यांच्या हातात दिसला, तेव्हा तर लोकांना आयतंच मिळालं. माझा धाकटा भाऊ शेजारीच राहतो. तो तोंडावर म्हणाला, "का जी इवाई, फोन तं भेटला, आता सातबाराही घेऊन जाता का?" इवाई खदखदून हसले. "देत असान तं घेतो ना बाप्पा!" जेवण झालं की मात्र आपलं ताट आपण घासत. पोरीच्या घरी खातो आहे, ही टोचणी त्यांना होतीच. ती त्यांनी रोज दोन वेळा सोसली, माझ्यासाठी. मी पाहत होतो आणि गप्प बसत होतो.

सुनेलाही हे लागत होतं. शेजारपाजारच्या बाया तिलाच टोमणे मारत. बापाला ती सरळ बोलत नसे, पण भांडी आपटायला लागली होती.

चाळिसाव्या दिवशी आम्ही दोघे पाळीवरून येऊन जेवायला बसलो. अंबाडीची भाजी होती. मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, "मीठ जास्त झालं."

इवायांचा हात थांबला. माझ्याकडं पाहिलं आणि असे हसले की ठसका लागला. "आली! आली ना जी चव!" माझ्या पाठीवर थाप मारली. इवाई इवायाच्या पाठीवर थाप मारत नाही, पण त्यांनी मारली. मी पुन्हा एक घास घेतला. आंबट लागलं, खारट लागलं, मागून मिरची लागली. किती महिन्यांनी! माझे डोळे भरले. ते लपवायला मी पाण्याचा गडवा तोंडाला लावला.

सून चुलीजवळून उठली. तिला वाटलं, बाप आपल्या स्वयंपाकाला हसतो आहे. इतक्या दिवसांचं सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं. "बाबा, लाज नाई वाटत का? गावभर हसं करून ठेवलं माहं. आता आपल्या घरी जा."

इवाई उठले. ताट घासलं, पालथं घातलं. "हो माय, जातोच आता," म्हणाले. त्यांचा चेहरा पडलेला नव्हता. काम झालेल्या माणसाचा चेहरा होता. मी तिथंच बसलो होतो. एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. मी बोललो नाही.

पुढं तीन वर्षं रोज सकाळी सहा वाजता त्या बटनाच्या फोनवर त्यांचा कॉल यायचा. "बैठका?" "झाल्या." की कट. मी सुटलो. पाय मजबूत झाले, नातीचं हसणं कानाला गोड लागायला लागलं. गेल्या वर्षीच्या लाखोळीची भाजी तर मी तीन वेळा मागून घेतली. जे खातो, जे पाहतो, त्या सगळ्यावर त्या माणसाचा हात आहे असं मला वाटतं. पण ते माझ्या घरी पुन्हा कधी राहिले नाहीत. सुनेनंही "या" म्हटलं नाही.

या थंडीत ते गेले. झोपेतच गेले. तेरवीला आम्ही सगळे वरठीला गेलो. परत येताना गाडीत माझा भाऊ म्हणाला, "माणूस चांगला होता, पण पोरीच्या घरी तुकडे मोडले, तेवढा एक डाग लागला." सुनेनं पदर तोंडावर घेतला आणि गाव येईपर्यंत काढला नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून अंगणात सडा टाकत होती. मी तिच्याकडं पाठ करून ओसरीवर उभा राहिलो, कारण तोंड दाखवून हे बोलता येत नव्हतं. म्हटलं, "बाई, तुहे बाबा तुकडे मोडायले नव्हते आले. माह्या मोबाईलमधी नागडे व्हिडिओ होते. मले त्याची लत होती. ते मले सोडवायले राहिले. त्याईनं कोणाले सांगतलं नाई, म्हणून मी इज्जतीनं फिरून राहिलो."

सडा थांबला. ती म्हणाली, "मामाजी, मी त्याईले जा म्हटलं, तवा तुमी तिथंच होते ना?"

"होतो."

"तरी बोलले नाई?"

"नाई बोललो, माय."

ती रडली. मी तिला रडू दिलं. मग चपला घातल्या, भावाच्या दारात गेलो, त्याला बाहेर बोलावलं आणि त्याच्या बायको-पोरांसमोर हेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी तोंडाकडं पाहून.