कुणाकडे येतं?

मोहन्यातल्या आमच्या पाळणाघरात ते साहेब एकदाच आले, ठाण्याहून, गाडीतून. अंगणवाडी, आरोग्य केंद्र आणि आमची संस्था, तिघांनी वस्तीतल्या मुलांसाठी एकत्र काम करावं म्हणून त्यांना नेमलेलं. नाव सांगितलं होतं, पण माझ्या लक्षात राहिली ती त्यांची सवय. काहीही सांगा, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "हे कुणाकडे येतं?"

पंखा बंद आहे म्हटलं, "हे कुणाकडे येतं?" संडासाला कुलूप आहे म्हटलं, पुन्हा तेच. मग तिन्हीकडचे लोक एकमेकांची तोंडं बघायचे आणि साहेब मान डोलवायचे, जसा काही प्रश्न सुटलाच.

शेवटी साहेबांना शाल-श्रीफळ दिलं. फोटोसाठी मुलांना पुढे बसवलं, तेवढ्यात एक चिमुरडी उठून म्हणाली, "बाई, शू आली."

"बाळा, दोनच मिनिटं हं," कॅमेऱ्याकडे बघून हसत साहेब म्हणाले.

पोरगी थांबली बिचारी, जमलं तेवढं. मग ओघळ फरशीवरून थेट साहेबांच्या बुटापर्यंत गेला. ते टुणकन मागे सरले. चष्मा कपाळावर.

"अरे, हे पुसायचं कुणाकडे येतं?"

कुणीच हललं नाही. पोरगी रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, खुर्चीवरची साहेबांची कोरी शाल उचलली. आधी तिचे पाय पुसले, मग फरशी.

शाल कुणाकडे येते, ते मी विचारलं नाही.