धरण अगदी सुरक्षित आहे

जुन्या धरणात गाळ साचवायला वेगळं काही करावं लागत नाही. किश्शांचंही तेच! कुंभकोणमला माझ्या ओसरीवर आम्ही निवृत्त धरणवाले कॉफीला जमलो, की कोणीतरी एखादा उकरून काढतोच. आमचं जलविद्युत धरण नदीच्या वरच्या अंगाला, इंग्रजांच्या काळातलं. भिंतीला गळती, आणि भिंतीच्या बरोबर खाली आमचे स्टाफ क्वार्टर्स. म्हणजे धरण टिकतंय की नाही, हा आमच्या बायकापोरांचा प्रश्न होता.

* * *

गेट ऑपरेटर वासुदेवराव आमच्यासारखेच तंजावरी मराठी. झिरपणारं पाणी, आमच्या बोलीत तण्णी, त्यांच्या परसात यायचं. त्यावर त्यांच्या सीताबाईंनी वांगी लावली होती. मी ज्युनिअर इंजिनिअर. गळती बुजवायला माणसं घेऊन गेलो, तर बाई वाटेत उभ्या.

"भिंत बरी कराल, अण्णा. मग माझ्या वांग्यांना तण्णी कोण घालील?"

"वहिनी, उद्या भिंत फुटली तर?"

"मग तण्णी बहुत होईल."

* * *

धरण नक्की कशासाठी, हेही कोणी धड सांगत नसे. वीजवाले म्हणत पाणी साठवा, पूरवाले म्हणत रिकामं ठेवा. त्यात माझा मेहुणा चोळपुरम्‌ला भात लावतो. त्याचा फोन ठरलेला.

"भावोजी, गेट जरा वर करा की. रोपं वाळताहेत."

मी समजावलं, "बाबा रे, हे विजेचं धरण आहे."

"बरं मग. वीज तुम्ही ठेवून घ्या, तण्णी इकडे पाठवा."

* * *

आमचे मोठे साहेब हजरजबाबी. एकदा पाहुण्यांपुढे प्रेझेंटेशन चाललं होतं, आम्ही किती वीज तयार करतो वगैरे. तेवढ्यात करंट गेला, पंखे थांबले. साहेब शांतपणे म्हणाले, "बघा, सगळी बाहेर पाठवतो. स्वतःसाठी काही ठेवत नाही."

* * *

धोक्याचा भोंगा चालू आहे ना, हे पाहायला तो रोज जेवणाच्या वेळी वाजवत. क्वार्टर्समध्ये त्यावर पानं वाढली जात. एका पावसाळ्यात पाणी एकाएकी चढलं, सकाळीच खरा भोंगा झाला. कोणी घराबाहेर येईना. वासुदेवराव धावत घरी गेले, तर सीताबाई म्हणाल्या, "आज लवकर आलात? भात व्हायचाय अजून."

पाणी ओसरल्यावर हा किस्सा ऐकून सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझी दोन्ही मुलंही त्याच ओळीत राहत होती.

* * *

त्यानंतर आम्ही अर्ज केला, क्वार्टर्स टेकडीवर हलवा. तपासणीला वरून एक सुरक्षा अधिकारी आले. छत्री धरून भिंतीवरून एक फेरी मारली, गळतीपाशी नाकाला रुमाल लावला आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "भिंत भक्कम आहे. अजून दोन पिढ्या हलणार नाही. क्वार्टर्स तिथेच राहू द्या."

नेमका आडी, म्हणजे तमिळ आषाढ महिना होता, गेट उघडायचा मुहूर्त. पाण्यात फुलं सोडून झाली. मानाचा नारळ पाहुण्यानं भिंतीवर फोडायचा, ही धरणाची जुनी रीत. वासुदेवरावांनी तो अदबीनं पुढे केला.

"सार, इथेच फोडा. जोरात."

अधिकाऱ्यांनी नारळ उचलला. भिंतीकडे पाहिलं. खालच्या क्वार्टर्सकडे पाहिलं. मग अख्खं धरण चालत ओलांडून पलीकडे गेले आणि रस्त्याकडेच्या दगडावर तो हळूच फोडला.