मुठीतला हुरडा

परवा शहरात सात रस्ता चौकात हुरडा भाजल्याचा वास आला आणि मंगळवेढ्याच्या रानात हुरड्यासाठी पेटवलेली आमची आगटी आठवली. थोरल्या जाऊबाई कणसं भाजून, गरम गरम हातावर चोळून सगळ्यांना वाटत होत्या. भाजणारीनं शेवटी खायचं, ही घरची रीत.

तेव्हा दोन वर्षांची असलेली माझी लेक भुकेनं रडत होती. तिची मूठ भरली, तोंडापाशी गेली आणि थांबली. ती जाऊबाईंकडं बघत राहिली.

"खा की गं, गार हुतंय," मी वैतागले.

तिनं हुरडा जाऊबाईंच्या तोंडात घातला.

"हिला कुनी शिकवलं गं?" त्या पुटपुटल्या.

आज उमगतं. त्या इवल्याशा डोक्यात स्वतःची भूक आणि दुसऱ्याची भूक समोरासमोर उभ्या होत्या, माणूस घडत होता. आणि मी म्हणत होते, गार हुतंय.