माडाखालची जागा

आमच्या खळ्यातला, घरापुढच्या अंगणातला माड सोंड्या भुंग्याने मारला नाही. मी मारला. हे बायकोलाही ठाऊक नाही.

स्पोर्ट्स गाडी घेतली की नात्यातली तरुण मंडळी मला फोन करतात, कारण आमच्यात अशी गाडी पहिल्यांदा मी घेतली. मी सगळं नीट सांगतो. गतिरोधक सरळ चढवू नका, तिरका घ्या, एकेक चाक वर जाऊ द्या; नाहीतर पुढचं नाक घासलंच म्हणून समजा. गगनबावड्याचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालच्या गिअरमध्ये राहा, वैभववाडी काही पळून जात नाही. किनाऱ्यावरची ओली वाळू घट्ट दिसते, तिच्यावर गाडी घालू नका. रापणीची मासेमार माणसं ओढून काढतील खरी, पण मग गावभर गजाली. खारा वारा लागला की गोड्या पाण्याने खालून धुवा. अरुंद वाटेला उलटी घेऊन लावा, निघताना तोंड बाहेर. आणि माडाखाली लावू नका.

पुढचं मात्र मी त्यांना सांगत नाही.

अशी गाडी माणूस गावात चालवायला नेत नाही, लावायला नेतो. लोकांनी बघावी म्हणून. मीही तेवढ्यासाठीच पुण्याहून नेली. मोठा भाऊ खळ्यात उभा होता. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "एवढे पैशे मोजलंस आणि दारां दोनच?" मग वाकून आत बघितलं. "रे, ह्या गाडयेपरीस आमचो जेवूचो पाट उंच आसा." शेजारी हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं होतं.

घराकडची वाट चढाची आणि दोन्ही बाजूंनी दगडी गडगा. एवढ्या बुटक्या गाडीला सपाट जागा एकच, न्हाणीच्या बाजूची, माडाखाली. न्हाणीचं पाणी त्या माडाला जायचं. भावाच्या बारशाला आईने तो लावला होता. आई गेल्यावर भाऊ त्याला जास्तच जपायला लागला. गावात राहिला तो, घर आणि बाग सांभाळली त्याने. मी सणाला यायचो आणि सल्ले द्यायचो.

पुढच्या खेपेला माडाचं वाळकं चुडत, अख्खी झावळी, बॉनेटवर पडलं. रंगावर लांब ओरखडा. मी तिथल्या तिथे म्हणालो, माड काढून टाकू.

"माझ्या बारशाक आवशीन लावलेलो माड तो," भाऊ म्हणाला. "ताचेर कोयतो चलाचो नाय."

"मग गाडी कुठे लावू?"

"गाडी तुझी, माड माझो. तूच बघ खंय लावतंस ता."

रागावलाही नव्हता. रोजच्यासारखा बोलला आणि विडी ओढायला पडवीत गेला.

त्यानंतरच्या मे महिन्यात घरची सगळी वालावलीला लग्नाला गेली. कंबर धरल्याचं सांगून मी मागे राहिलो. दुपारी बुंध्यात भोकं पाडली, तणनाशक ओतलं, चिखलाने बुजवलं. घाम पुसला आणि वहिनीने झाकून ठेवलेलं जेवलो. चांगलं जेवलो, हेही सांगून टाकतो.

चतुर्थीला आलो तेव्हा शेंडा कलला होता. भोकांतून तांबूस रस गळत होता. सोंड्या लागला की असंच दिसतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. भाऊ बुंध्यावर हात ठेवून म्हणाला, "चूक माझीच. यंदा औषध घालूचा रवला. आवशीचो माड माका सांभाळूक जमलो नाय."

मी म्हणालो, "असू दे रे, होतं असं." हे त्याची समजूत घालण्यासाठी म्हटलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

माड तोडला. मी माझ्या पैशाने तिथे फरशी घातली. गाडी छान बसली. संध्याकाळी वहिनी चहा घेऊन आली आणि सहज बोलून गेली, "आता बरा झाला, भावजी. तुमी येवच्या आधी हे पाडेल्याक बोलवन माड मोकळो करून घेयत. नारळ कोवळे असले तरी. म्हणत, त्याच्या गाडयेर एक जरी पडलो तर तो परत येवचो नाय."

चुडत कसं राहिलं, हेही तिने सांगितलं. त्या खेपेला नारळ उतरवणारा पाडेली तापाने आजारी होता.

दोन वर्षांत माझी पाठ धरली आणि गाडी विकली. फरशी रिकामी आहे. वहिनी तिच्यावर आमसुलं वाळवते. भावाने त्यानंतर एकही रोप लावलेलं नाही. बाग दुसऱ्याला कराराने दिली. कुणी कलम आणून दिलं तर म्हणतो, "माझ्या हाताक आता गुण नाय, दुसऱ्याकडसून लावन घे." गावात ज्याच्या हातचं लावलेलं जगतंच असं म्हणायचे, तो माणूस पडवीत बसून असतो. गुडघ्यांमुळे, असं त्याची मुलं म्हणतात. मी मान हलवतो.

खरं सांगितलं तर तो माझ्याशी बोलायचा बंद होईल याची मला भीती वाटते. तशीच भीती, मी यायचा बंद होईन अशी, त्याला माझ्याबद्दल वाटत होती, आणि त्यापायी त्याने कोवळे नारळ पाडले.

त्याच्या हाताला काहीही झालेलं नाही, चूक त्याची नव्हती, हे त्याच्यासमोर बसून सांगणं मी अजून त्याचं देणं लागतो.