डावीकडची फळी

मी डावखुरी आहे आणि मला त्याचा भलताच अभिमान आहे. आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी थोडी आगाऊ वाटेन. वाटले तर वाटू दे.

आमचं गाव वडूजच्या पलीकडं. घरात या हातावरून एकदाच चर्चा झाली, तीही मी पहिलीत असताना. आई म्हणत होती, पोरगी प्रसाद डाव्या हातानं घेते, चारचौघांत बरं दिसत नाही. वडील मेंढरं कोंडून नुकतेच आत आले होते. ते म्हणाले, "खायापुरता उजवा शिकीव तिला. बाकी हात तिचा हाय, तिला वापरू दी." विषय संपला. तेव्हापासून मी उजव्या हातानं जेवते आणि उरलेलं सगळं डाव्यानं करते. शाळेतही अडलं नाही. बाकाच्या डाव्या टोकाला बसायचं, म्हणजे शेजारणीच्या कोपराला कोपर लागत नाही, एवढंच सांभाळायला लागायचं.

बारावीनंतर बी.एस्सी.ला सांगलीला आले आणि पहिल्याच दिवशी खुर्चीनं मला अडवलं. आमच्या कॉलेजात बाकं नव्हती, फळीच्या खुर्च्या होत्या. खुर्चीच्या उजव्या हाताला वहीएवढी फळी जोडलेली, तिच्यावर लिहायचं. उजव्यांचा हात तिच्यावर कोपरापर्यंत आरामात टेकतो. मला मात्र कमरेतून उजवीकडं वळून, डावा हात छातीवरून पलीकडं न्यावा लागायचा. कोपर अधांतरी. तासाभरात खांदा भरून यायचा.

आठवडाभरात मी युक्ती शोधली. माझ्या डावीकडच्या खुर्चीची फळी माझ्या डाव्या हाताशीच येते! ती खुर्ची रिकामी ठेवली की झालं. मग मी रोज वीस मिनिटं आधी जाऊन दोन खुर्च्या अडवायची. एकीवर बसायची, दुसरीवर लिहायची. माझी मैत्रीण कुंडलची, ऊस पिकवणाऱ्या घरातली, रोज एसटीनं येऊन-जाऊन करायची. ती मला 'दोन खुर्च्यांची मालकीण' म्हणायची आणि डावीकडं कुणी टेकायला आलं की त्याला हुसकून लावायची.

पण परीक्षेत खुर्च्या लांब लांब मांडतात. पहिल्या सेमिस्टरच्या गणिताच्या पेपरला मी आपली वाकडी होऊन लिहीत होते. अर्ध्या तासात पर्यवेक्षक सर येऊन उभे राहिले. माझ्या उजवीकडच्या मुलाच्या पेपरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मान सरळ ठेव."

"सर, मी डावखुरी आहे. मान सरळ ठेवली तर हात पोचत नाही."

"मग उजव्या हातानं लिही."

आणि त्यांनी मला उठवून पहिल्या रांगेत, त्यांच्या टेबलासमोर नेऊन बसवलं. सगळा हॉल बघत होता. कॉपी न करता कॉपीवाली झाले. संतापानं माझे कान गरम झाले होते. खांदा दुखत होता तो वेगळाच. शेवटचा प्रश्न मला तोंडपाठ होता. तो तसाच राहिला आणि घंटा झाली.

निकालात मी पास होते. मैत्रीण म्हणाली, "पास झालीस न्हवं? मग कशाला डोस्क्यात घेऊन बसलीस? लय नको वाद घालू गड्या त्यांच्यासंगं." तिचं चुकत नव्हतं. पण मला येत होतं ते कागदावर उतरवता आलं नाही, आणि ते माझ्यामुळं नाही, एका लाकडाच्या तुकड्यामुळं, हे मला पचेना. अजून पाच सेमिस्टर असंच अर्धं लिहून यायचं?

मी अर्ज लिहिला. डाव्या बाजूला फळी असलेली एक खुर्ची मिळावी, परीक्षेतही तीच मिळावी. हेडक्लार्कनी तो दोनदा वाचला. "असला अर्ज माझ्या नोकरीत आला नाही," म्हणाले. "कुठल्या फायलीत लावू हा?" मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा, पोच द्या. पोच घेतली. पंधरा दिवस काही झालं नाही. मग प्राचार्यांच्या दारात जाऊन उभी राहिले, तिसऱ्या दिवशी आत बोलावलं.

प्राचार्य तसे सभ्य गृहस्थ. त्यांनी समोर बसवलं, समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ बाळ, तुला एकटीला वेगळी खुर्ची दिली तर बाकीचे काय म्हणतील? आपल्या कॉलेजात आपण कुणात डावं-उजवं करत नाही."

मला हसू आवरेना. म्हटलं, "सर, तेच तर करा म्हणतेय मी."

क्षणभर त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्यांनी अर्ज पुढं ओढला, सही केली आणि एवढंच म्हणाले, "बोलायला बरी आहेस." अर्ज शेवटी फर्निचर दुरुस्तीच्या फायलीत लागला. मला ते फार आवडलं. बिघाड खुर्चीत आहे हे ऑफिसनं लेखी मान्य केलं होतं.

कॉलेजचे सुतारमामा खुर्ची बघून म्हणाले, "आवं ताई, चार बोल्टांचं काम हाय. एवढ्यासाठी आर्ज?" दुसऱ्या दिवशी मी गेले तर ते खुर्चीपुढं डोकं खाजवत बसलेले. "फळी डावीकडं लावली की पालथी पडतीया बघा. गुळगुळीत अंग खाली, खरबरीत वर. म्हंजे नुसती हिकडची तिकडं करून भागत न्हाई." मला ते पटलं. मलाही पर्यवेक्षक सरांनी पेन नुसतं इकडचं तिकडं करायलाच सांगितलं होतं. मामांनी खुर्चीच्या डाव्या हाताला नवीन भोकं पाडली, फळीच्या वर आलेल्या बाजूवर सनमायका चिकटवला आणि कडा कानशीनं घासून दिल्या.

दुसऱ्या सेमिस्टरच्या गणिताच्या पेपरला माझा नंबर दुसऱ्या मजल्यावर आला. शिपायाची वाट कोण बघणार? मी आणि मैत्रिणीनं दोन बाजूंनी धरून खुर्ची जिन्यानं वर नेली. वाद घालू नको म्हणणारी तीच, आणि जिन्यात आडव्या आलेल्या पोरांना "सरका रं, पाय चेंगरतील" म्हणून ओरडणारीही तीच. हॉलवर नेमके तेच पर्यवेक्षक सर.

"ही खुर्ची उलटी आहे," ते म्हणाले.

"हो सर. माझी आहे."

मी प्राचार्यांच्या सहीचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला आणि वाट दिली.

बसले. कोपर टेकलं. हात फळीवर पूर्ण टेकल्यावर अक्षर कसं येतं, हे मला कॉलेजच्या परीक्षेत पहिल्यांदाच कळत होतं. एकेक प्रश्न सुटत गेला. शेवटच्या प्रश्नाला आले तेव्हा घड्याळात चाळीस मिनिटं शिल्लक होती आणि उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान भरलं होतं. मी डावा हात वर केला, चांगला उंच.

"सर, पुरवणी."

सर पुरवणी आणि दोरा घेऊन आले. कॉलेजात आजवर कधी मागायची वेळच आली नव्हती, त्यामुळं तिच्यावर नंबर कुठं लिहायचा हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनाच विचारलं. ते वाकले आणि बोट ठेवून जागा दाखवली.