सखूबाईची मेथी

मेथी निवडताना बोटांना तो कडवट वास लागतो आणि मला लहानपणी पाहिलेला धाड गावचा आठवडी बाजार आठवतो. सखूबाईची भाजी खाऊन एक पोर दगावलं, अशी आवई उठली होती. तिच्यापुढे मेथीचा ढीग तसाच सुकत होता.

"कोणी पाहिलं?" मी काकूला विचारलं.

"सारं गाव म्हणते. एवढे लोक खोटं बोलतीन काय?"

तेव्हा ते उत्तर मला बिनतोड वाटलं.

तेवढ्यात सखूबाईने मलाच हाक मारली. "पोरी, मागच्या बाजारी माहीच मेथी नेली न तुमी? कोणाले काही झालं काय?"

मी नाही म्हणून मान हलवली. काकूने माझा हात ओढला.

पुढच्या बाजारी सखूबाईची जागा रिकामी होती. ती आपल्या मर्जीनं गाव सोडून गेली, असं सगळेच सांगतात.